कॅसेटला ओठ नसतात

दाभोळ,
ता. ३ नोव्हेंबर १९८५

प्रिय सुलेमान,

तुझ्या खोलीतल्या जैनुद्दीनने रजेवर आल्यावर तुझी कॅसेट गेल्या आठवड्यात आणून दिली. दिवाळी तोंडावर आली आहे आणि दुकानात दुरुस्तीचे सात टेप उघडे पडले आहेत, पण ते बाजूला सारून आधी एका टेपचा हेड पुसला आणि तुझी इटलीची मंडळी लावली. खरं सांगतो, रागावू नकोस. पहिल्या दिवशी वाटलं, माझ्या बाकावर बसून सातवी पास झालेल्या पोराचं दुबईला जाऊन डोकं फिरलं. यात तबला नाही, ढोलकी नाही, माणूस वाजवतोय असं कुठेच नाही. यंत्र ठोके देतं, यंत्रच पेटी वाजवतं, आणि मध्ये एक बाबा इंग्रजीत रडगाणं गातो, ते त्याला स्वतःला तरी कळत असेल की नाही देव जाणे. पण तिसऱ्या वेळी माझा उजवा पाय हलायला लागला. जाखडीत पायात चाळ बांधून आम्ही गोल फिरतो, तेव्हा अंगणात पाय पडतो ना, अगदी तसाच ठोका. आमच्या वाडीचा केरू तिसऱ्या गाण्याला ढोलकीवर धापा टाकतो. हे यंत्र धापा टाकत नाही, एवढाच काय तो फरक.

एक तक्रार आहे. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सगळं खराब आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक शिट्टी वाजते, कानात दाभण घातल्यासारखी. तू एवढ्या निवडून पाठवतोस, मग ही कशी सुटली?

तुझी अम्मा दर शुक्रवारी दुकानात येते. तुझं पत्र आलेलं असलं तर मी वाचून दाखवतो, नसलं तर मागचंच पुन्हा वाचायला लावते. परवा ही कॅसेट चालू होती तर स्टुलावर बसूनच राहिली. बंद करू का विचारलं, तर नको म्हणाली. याचा अर्थ लावावा लागत नाही, ते बरं आहे, म्हणाली. टेबलावर तिची बोटं चालली होती. म्हणजे तुझ्या वेडाची साथ घरातूनच आलेली दिसते.

ट्रंककॉल कधी करणार ते कळव. मागच्या वेळी ती पोस्टात दोन तास बसली आणि तुझा फोन आलाच नाही.

तुझा
काशीराम


दुबई,
ता. २४ नोव्हेंबर १९८५

प्रिय काशीराम,

फोनचं राहू दे. इथून लाइन लागत नाही, लागली तर नुसती घरघर. अम्माला सांग की पत्रच बरं. पत्र पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तुझा पाय हलला हे वाचून मला इतका आनंद झाला की पत्र खिशात घालून गोदीत गेलो. आमचं काम तुला माहीत आहे. सुक्या गोदीत जहाज चढवतात, आम्ही त्याच्या टाकीत उतरतो आणि हवेच्या हातोड्याने गंज पाडतो. लोखंडी डब्यात बसून डबा ठोकायचा, दहा तास. वर आलो की डोकं बराच वेळ वाजत राहतं. शुक्रवारी मात्र मी कॅसेटच्या दुकानात जातो. दुकानदार मलबारी आहे. मला बघितलं की बोलत नाही, नुसता खालच्या खणाकडे बोट करतो. तिथे नवे इटालो डिस्को ठेवलेले असतात.

तू विचारशील, यातच काय आहे? बाकीची गाणी मला हल्ली पातळ लागतात. कव्वाली पातळ झाली, नाटकातली पदं पातळ झाली. हे एकच अंगाला लागतं. आधी नुसता ठोका येतो. आठ वेळा, सोळा वेळा, काही घाई नाही. मग त्याच्या खालून जाड सूर पळायला लागतो, खाडीत बाबांच्या लाँचचं इंजिन पळायचं तसा. मी लहानपणी लाँचच्या फळीवर पोट टेकून झोपायचो, आठवतं? आता खाटेच्या फळीवर स्पीकर पालथा ठेवतो आणि वर आडवा होतो. ठोका पाठीतून येतो. तेवढा वेळ मी दाभोळच्या खाडीत असतो, काशीराम. नंतर पुन्हा खोली येते, सहा खाटांची.

शिट्टी म्हणतोस ती मला आवडते. त्यांनी मुद्दामच ठेवली असेल. तू बेसचं बटण पूर्ण उघड, ट्रेबल बंद कर आणि मग ऐक.

तुझा
सुलेमान


दाभोळ,
ता. २ फेब्रुवारी १९८६

प्रिय सुलेमान,

ट्रेबल बंद करून ऐकलं. शिट्टी गेली, पण गाणंही निम्मं गेलं. हा काय उपाय झाला? पाय दुखतो म्हणून पाय कापायचा?

आता महत्त्वाचं. सोबतच्या कॅसेटवर इटली नाही, तुझी अम्मा आहे. गल्फला असलेल्यांच्या घरून आता सगळेच आवाज भरून पाठवतात. माझ्या दुकानात आठवड्याला दोन-तीन बायका येतात. त्या बोलतात आणि मी बाजूला बसून बटणं सांभाळतो. पण तुझ्या अम्माने मला बाहेर काढलं. म्हणाली, हे तुझ्यासमोर बोलायचं नाही आणि कागदावर तर नाहीच नाही. माझ्या पोरीला, रझियालाही सांगू नकोस, म्हणाली. मग मी कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबून दिलं, झालं की हाक मारा म्हटलं, आणि दार ओढून धक्क्यावर जाऊन बसलो. खाडीपलीकडून तरीची होडी येऊन माणसं उतरून गेली तरी हाक नाही. शेवटी मीच आत आलो आणि मशीन बंद केलं. तिचा हात टेबलावर होता. डोळे पुसून झालेले दिसत होते.

मी ऐकलेलं नाही, शपथ. रझियाच्या स्थळाचं असावं, असा माझा अंदाज. दापोलीकडच्या एका घरातून बोलणं चालू आहे, आणि बाप नसलेल्या घरात मोठ्या मुलालाच विचारणार ना! तिचा निरोप एवढाच आहे की उत्तर एका ओळीत हवं. बाकी काही लिहू नको, फक्त काय करू ते लिही.

जैनुद्दीन येत्या बुधवारी निघतोय, त्याच्या हाती देतो.

काशीराम


दुबई,
ता. ९ मार्च १९८६

प्रिय काशीराम,

अम्माचा आवाज ऐकला. किती दिवसांनी ऐकला. तिला माझी ही ओळ जशीच्या तशी वाचून दाखव: अम्मा, तुझ्या मनात आहे तसंच होऊ दे, माझी हरकत नाही.

गावी निघालेल्या एकाबरोबर आणखी दोन कॅसेट पाठवतोय. एकीत ठोका असा आहे की खोलीतल्या पत्र्याच्या कपाटाचं दार थरथरतं. दुसरीत सुरुवातीला फक्त जाड सूर आहे, ठोका नाही. आपण वाट बघत राहतो. तो आता येईल, आता येईल असं वाटतं, आणि येतो तेव्हा छातीत कोणीतरी दार उघडल्यासारखं होतं. इथे सगळे हसतात मला. हसू देत. केरूला ऐकव आणि म्हणावं, अशी ढोलकी वाजवून दाखव.

सुलेमान


दाभोळ,
ता. ६ एप्रिल १९८६

प्रिय सुलेमान,

तुझी ओळ वाचून दाखवली. तिने तीनदा वाचायला लावली. मग विचारलं, पुढे काय लिहिलंय? पुढे सगळं गाण्यांचं होतं, तेही वाचलं. कपाटाचं दार थरथरतं ते, ठोक्याची वाट बघायची ते, सगळं. तिने मन लावून ऐकलं. मग म्हणाली, सुटले बाबा, आणि पदराच्या गाठीतून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. लाडू दगडासारखा होता, पण मी खाल्ला.

रझियाचं पक्कं झालं. रमजानच्या आधी निकाह उरकायचा, असं अम्माने धरलंय. एवढी घाई कशाला म्हणून जैनुद्दीनच्या घरच्यांनीही विचारलं, पण ती ऐकत नाही. पूर्वी महिन्यातून एकदा दापोलीला डॉक्टरकडे जायची, गुडघ्याचं म्हणून. आता तेही बंद केलंय. गुडघा बरा झाला, म्हणते. तू यायचं बघ. एकुलती एक बहीण आहे.

तुझ्या वाट बघायच्या गाण्याने माझा पाठलाग केला आहे. सोल्डरिंग करताना हात थांबतो, ठोका येईपर्यंत. एका गिऱ्हाइकाचा रेडिओ त्यात जळला.

काशीराम


दाभोळ,
ता. १२ ऑक्टोबर १९८६

सुलेमान,

तार मिळाली असेल. तुझी आई तीस सप्टेंबरला गेली. तू निकाहाला आला नाहीस आणि आताही नाहीस, म्हणून मीच सगळं लिहितो. नंतर लिहीन की नाही ठाऊक नाही.

तिच्या छातीत गाठ होती. शेवटचा महिना ती उठलीच नाही. रझिया सासरहून येऊन राहिली तेव्हा तिला कळलं, आणि तोवर जखम झाली होती. मी दापोलीला डॉक्टरकडे गेलो. कधीचं दुखणं, असं विचारलं. तो म्हणाला, जानेवारीत मी तिला सांगितलं होतं, मुंबईला जा, महिन्याभरात जा, आता कापून निघेल. ती मुलाला विचारते म्हणाली. मार्चअखेरीस ती शेवटची आली आणि सांगून गेली की मुलाला विचारलं, तो म्हणतो तुझ्या मनासारखं कर, आता मी येणार नाही.

मी तिथेच बाकावर बसलो, सुलेमान. ती ओळ मी वाचली होती. तीनदा.

तू ऐकलंस ना तिचं? स्वतःच्या कानांनी ऐकलंस आणि लिहिलंस, माझी हरकत नाही? आणि खाली अख्खा परिच्छेद कपाटाच्या दारावर? गाठ आहे म्हणून सांगणाऱ्या आईला कोणी असं उत्तर देतो? मी तुला पहिल्या इयत्तेपासून ओळखतो असं मला वाटत होतं. पेठेत लोक म्हणायचे, गल्फला गेलेली पोरं दगड होतात. मी भांडायचो त्यांच्याशी.

तुझ्या कॅसेट खोक्यात भरून रझियाकडे दिल्या आहेत. मला नकोत.

काशीराम


दुबई,
ता. ९ नोव्हेंबर १९८६

काशीराम,

मला दगड म्हण, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

मी ते ऐकलं नाही. मला ऐकू येत नाही.

तीन वर्षं झाली. आधी पाखरं गेली, मग बायकांचं बोलणं, मग पुरुषांचं. मशीद खोलीला लागून आहे, तरी बांग झालेली मला लोक उठून निघाले की कळते. हातोड्याने हे झालं. टाकीत आम्ही कानात कापूस घालायचो, तो कशाला पुरणार? मी कोणाला सांगितलं नाही. दरवर्षी मेडिकल होते, त्यात नापास झाला की घरी पाठवतात. आणि रझियाचं जमायचं होतं. भाऊ बहिरा होऊन परत आला हे दापोलीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, तुला माहीत आहे. म्हणून मी ओठ वाचायला शिकलो. मुकादम काय म्हणतो, मलबारी काय म्हणतो, सगळं ओठांवरून. फोन म्हणूनच केला नाही. फोनला ओठ नसतात. कॅसेटलाही नसतात.

इटालो मला आवडतं, हे खोटं नव्हतं. सगळं एकेक करून गेलं आणि तेवढंच राहिलं, म्हणून ते माझं झालं. कानाने संपलं तेव्हा पाठीने ऐकलं, मग तळहाताने. तुझी शिट्टी मला कधी ऐकूच आली नाही. कॅसेट मी दुकानातल्या स्पीकरवर हात ठेवून निवडत होतो.

अम्माची कॅसेट आली तेव्हा मी स्पीकरवर हात ठेवला. दहा मिनिटं ठेवला. काही आलं नाही, नुसती धूळ हलावी तेवढंच. बाईचा आवाज हाताला लागत नाही. खोलीत जैनुद्दीन होता, त्याला ऐकायला सांगितलं असतं, पण मग माझं सगळं गावाला कळलं असतं. तू लिहिलं होतंस, रझियाच्या स्थळाचं असावं. मी म्हटलं, त्यात मी काय सांगणार, अम्माला कळतं. म्हणून ती ओळ लिहिली. तिच्या मनात मरण आहे हे मला कुठून कळणार?

मी लाजेपायी एका माणसाला ऐकायला सांगितलं नाही, आणि माझी आई गेली. हे मी कोणावर ढकलत नाही.

कॅसेट परत पाठवतोय. तू ऐक आणि ती काय म्हणाली ते मला लिहून पाठव. सगळं. तुझ्याशिवाय मी कोणाला सांगणार?

सुलेमान


दाभोळ,
ता. १ फेब्रुवारी १९८७

प्रिय सुलेमान,

उशीर झाला. याआधी तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. एकात लिहिलं होतं, कॅसेटला बुरशी लागली, काही ऐकू येत नाही. दुसऱ्यात लिहिलं, ती रझियाच्या स्थळाचंच बोलली. मग वाटलं, एकदा आपण दोघांनी ऐकल्यावाचून उत्तर दिलं, आता ऐकून खोटं कशाला बोलू? आणि मागच्या पत्रात तुला जे बोललो ते मी मागे घेतो. अंदाजाची ती ओळ माझी होती. मी ती लिहिली नसती तर तू कोणालातरी विचारलं असतंस. तू मला कधी हे बोलला नाहीस, म्हणून मीच बोलतो.

ती म्हणाली ते असं. तिच्याच बोलीत लिहितो.

"सुलेमान बाबा, मी तुजी अम्मा. काशीरामला भायेर घातलाय. माज्या छातीत गाठ हाय. डाक्टर मुंबैला जा म्हनतो, कापतील म्हनतो. मी गेले तर गावभर होईल, मग रझियाचा मोडेल. आईला असला तर पोरीला पन, असा म्हनतील लोक. म्हनून माजा मन नाय. पन तू मोठा हायस. तू जा म्हन, मी जाईन, तुजा शबूद मोडनार नाय. तू म्हनलास, अम्मा तुज्या मनात तसा, तर मी हितंच ऱ्हाते. खरा सांगू? मला भ्या वाटते. तू जा म्हनावास, असा पन वाटते. बरा, आता काय ऱ्हायला नाय. जेवत जा."

शेवटून तिसरं वाक्य लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबलो. सगळं लिही म्हणालास, म्हणून लिहिलं.

पण कॅसेट तिथे संपत नाही. मी तिला मशीन चालू करून दिलं होतं, बंद कसं करायचं ते दाखवलंच नव्हतं. तिचं बोलून झालं आणि ती तशीच बसली. हाक मारायचं विसरली असेल, किंवा मारावीशी वाटली नसेल. आधी काही नाही, नुसता धक्क्याकडचा आवाज. मग टेबलावर बोटं वाजायला लागतात. मी कान लावून बसलो तेव्हा कळलं. तो तुझ्या पहिल्या कॅसेटमधला ठोका आहे, सुलेमान. एक, एक, एक, एक, न चुकता. माईक टेपच्या पोटात आणि टेप टेबलावर, त्यामुळे तिच्या आवाजापेक्षा तिची बोटं मोठी आली आहेत. तू दहा मिनिटांनी हात काढलास. ती अकराव्याला सुरू होते.

तो तुकडा मी वेगळ्या कॅसेटवर घेतला आहे. वरचा आवाज सगळा काढला, खालचा वाढवता येईल तेवढा वाढवला. चार वेळा केला तेव्हा जमला. मी डोळे मिटून स्पीकरवर हात ठेवून बघितला, नीट लागतो.

खाटेच्या फळीवर पालथा ठेव. त्या दिवशी कोणाला खोलीत घेऊ नकोस.

तुझा
काशीराम


दुबई,
ता. १ मार्च १९८७

प्रिय काशीराम,

मेडिकलची वाट न बघता मी मुकादमाला स्वतःच सांगून टाकलं. त्याला आधीच माहीत होतं म्हणाला, निदान ओठांवरून तसंच वाटलं. मे महिन्यात गावी येतो. रझियाला माझ्या कानांचं तूच आधी सांगून ठेव, आणि अम्मा काय म्हणाली ते मी येऊन सांगेन. ते मलाच सांगायला हवं.

तू जा म्हणावंस असंही वाटतं, असं ती म्हणाली, ते मी रोज वाचतो. ते लिहिलंस म्हणून तुझ्यावर राग नाही. राग कुठे ठेवायचा ते मला ठाऊक आहे.

शुक्रवारी सगळे बाहेर गेल्यावर कॅसेट लावली. आडवा झालो नाही. गुडघे टेकून फळीवर दोन्ही हात ठेवले. लगेच लागलं. ती यंत्रापेक्षा थोडी सावकाश आहे. तेविसाव्या ठोक्यानंतर जरा थांबते, बहुतेक डोळे पुसत असेल, मग पुन्हा धरते. मी सात वेळा लावली आणि सातही वेळा मोजलं. एकसष्ट ठोके आहेत, आणि एकसष्टावा अर्धाच आहे. तिथे तू दार उघडून आत आलास आणि मशीन बंद केलंस. यात तुझी काही चूक नाही, दुकान होतं, गिऱ्हाइकं असणार. पण आणखी थोडा वेळ धक्क्यावर बसला असतास तर बरं झालं असतं.

तुझा
सुलेमान